एकाच चाकाची स्प्रिंग पुन्हा पुन्हा तुटते तेव्हा

जुन्या गाडीची सस्पेन्शन स्प्रिंग एकदा तुटली, तर ती बदलून विषय संपवता येतो. तीच स्प्रिंग त्याच चाकावर दोन-तीन पावसाळ्यांच्या आत पुन्हा तुटली, तर मात्र दोष बहुधा स्प्रिंगमध्ये नसून ती जिथे टेकते त्या बैठकीत किंवा तिच्यावर लादलेल्या कामात आहे, असे धरून तपासणीला लागावे. बडोद्यात ही तक्रार घेऊन गॅरेजात येणाऱ्या गाड्या साधारण एकाच साच्यातल्या असतात: दहा-पंधरा वर्षांची हॅचबॅक, डिकीत मागाहून बसवलेली सीएनजीची टाकी, सोसायटीच्या तळघरात किंवा रस्त्याच्या कडेला काढलेले अनेक पावसाळे, आणि मागच्या वेळी घाईघाईने, एकाच बाजूला, बाजारात मिळेल ती स्प्रिंग घालून उरकलेली दुरुस्ती. पुढचे विवेचन अशाच गाड्यांपुरते आहे. पाट्यांच्या कमानी असलेल्या जीप-टेम्पोंचे गणित वेगळे असल्याने ते इथे घेतलेले नाही.

तुटली आहे हे कसे ओळखावे

गुंडाळीची स्प्रिंग सहसा मधोमध तुटत नाही. ती तळाशी, शेवटच्या अर्ध्या-पाऊण वेटोळ्यात तुटते आणि उरलेली स्प्रिंग तेवढीच खाली सरकून बसते. त्यामुळे गाडी त्या कोपऱ्यात जेमतेम बोटभर खाली जाते, चालवताना फारसा फरक जाणवत नाही, आणि मालक अनेकदा महिनोन्‌महिने तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी फिरवत राहतो. तुटण्याचा क्षण मात्र कधीकधी ऐकू येतो. स्पीडब्रेकरवरून उतरताना ‘खाडकन्’ असा एकच आवाज होतो, किंवा गाडी उभी असतानाच, कोणी हात लावलेला नसताना, लोखंडी सळई आपटल्यासारखे काहीतरी वाजते. उभ्या गाडीतही स्प्रिंगवर गाडीचे वजन चोवीस तास असतेच, त्यामुळे आधीच तडा गेलेली तार शेवटचा श्वास पार्किंगमध्ये सोडते यात नवल नाही.

नंतरच्या खुणा पुढच्या आणि मागच्या चाकांत वेगळ्या असतात. पुढच्या चाकाची स्ट्रटवरची, म्हणजे जंपर (शॉक अब्सॉर्बर) ज्यात असतो त्या उभ्या खांबावरची, स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर फिरत असल्याने, गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, की तुटलेले टोक बैठकीत अडकते आणि मग सुटून उडी मारते. तेव्हा ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंगला हलका झटका जाणवतो. मागची स्प्रिंग फिरत नाही, ती फक्त खडखडते, आणि तेही चाक खड्ड्यात लोंबकळून परत वर येताना.

हा आवाज इतर तीन आवाजांशी हमखास गल्लत करतो. बारीक उखडलेल्या रस्त्यावर सतत येणारी टकटक बहुधा लिंक रॉड या सस्पेन्शनमधल्या बारीक दांडीची असते. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच येणारा बोथट ठोका लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा, असतो. स्टिअरिंग फिरवताना कुरकुर होते आणि वळण संपल्यावर ते आपोआप सरळ व्हायला कंटाळा करते, तेव्हा संशय स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर घ्यावा. स्प्रिंग आणि बेअरिंग यांत निवाडा करायचा असेल, तर इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून, स्ट्रट वर सांगाड्याला जिथे जोडलेला असतो त्या माउंटिंगच्या टोपीवर तळहात ठेवून धक्का कुठे जाणवतो ते पाहावे. चाकाच्या कमानीत हात घालून स्प्रिंग पकडण्याचा सल्ला काही जण देतात. तो कोणी पाळू नये.

संशयाला आकड्याची जोड द्यावी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारही चाकांत हवा सारखी असावी, डिकीतले सामान काढावे, आणि जॅकवरून नुकती उतरवलेली असल्यास ती दोन-चार फूट पुढेमागे ढकलून टायर मोकळे होऊ द्यावेत. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंतचे अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजावे. जमिनीपासून मोजले, तर टायरची झीज आणि हवा हिशेबात शिरते, म्हणून मध्यबिंदूच धरावा. जुन्या गाडीत दोन्ही बाजूंत 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक दुर्लक्षिण्याजोगा असतो. तो 15 च्या पुढे गेला, की चाक उतरवून आत पाहावे. गाडीचा त्या बाजूला जुना अपघात झालेला असल्यास पत्र्याचा काठच वरखाली असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

आत पाहताना डोळे फसतात, कारण तुटलेला तुकडा बऱ्याचदा बैठकीतच कड्यासारखा पडून राहतो आणि स्प्रिंग अखंड वाटते. दोन्ही बाजूंची वेटोळी मोजावीत आणि तळाचे टोक टॉर्चच्या उजेडात शोधावे. कारखान्यातून आलेले टोक सरळ कापलेले आणि रंगवलेले असते. तुटलेले टोक तिरके, खरबरीत आणि गंजलेले असते. शंका उरल्यास लांब स्क्रू-ड्रायव्हरने तळाचे वेटोळे हलवून पाहावे, बोटाने नव्हे.

पुढच्या स्प्रिंगच्या बाबतीत एक तपासणी गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यायच्या आधीच करावी. स्ट्रटची बैठक टायरच्या अगदी जवळ असते आणि तिच्यातून घसरलेले धारदार टोक टायरच्या आतल्या भिंतीला लागू शकते. टायरच्या आतल्या बाजूस घासल्याची चकचकीत रेघ दिसली, तर गाडी चालवत नेऊ नये. ती उचलून नेणाऱ्या क्रेनला बोलवावे. तसे काही नसेल आणि टोक बैठकीतच असेल, तर गल्लीबोळातून हळू चालवत जवळच्या गॅरेजात नेता येते. रोज अहमदाबादेला जाणाऱ्यांनी मात्र ‘एवढा आठवडा काढू’ हा विचार सोडून द्यावा. एक्सप्रेसवेच्या 93 किलोमीटरमध्ये पूर्ण वेगात टायर फाटला, तर सावरायला वेळ मिळत नाही.

तुटलेले तोंड वाचणे

दुरुस्ती एकदा झाली, की पुरावा भंगाराच्या पेटीत जातो. म्हणून स्प्रिंग काढल्यावर तिचे दोन्ही तुकडे मागून घ्यावेत, रॉकेल आणि मऊ ब्रशने तुटलेले तोंड हलकेच स्वच्छ करावे आणि उन्हात धरून पाहावे. तारेची घासणी मारू नये, तिने खुणाच पुसल्या जातात. वारंवार तुटणाऱ्या स्प्रिंगमध्ये बहुधा असे दिसते: तारेच्या कडेला नखाएवढी, चंद्रकोरीच्या आकाराची काळपट तपकिरी जागा, आणि तिच्यापलीकडे उरलेला सगळा भाग राखाडी, दाणेदार, जवळजवळ ताजा. ती कोर म्हणजे जुना तडा. तो कित्येक महिने थोडाथोडा वाढत होता आणि त्यात पाणी शिरून गंजत होते. राखाडी भाग एका झटक्यात, शेवटच्या दिवशी तुटला.

ही कोर कडेलाच का सापडते, हे समजले तर पुढची सगळी तपासणी सोपी होते. स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार वाकण्यापेक्षा पिळली जाते, आणि पिळल्या जाणाऱ्या तारेचा गाभा जवळजवळ निवांत असतो. सगळा ताण कातडीवर येतो, त्यातही वेटोळ्याच्या आतल्या अंगाला सर्वांत जास्त. म्हणून कारखान्यात त्या कातडीवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून ती दाबून घट्ट केलेली असते आणि वर रंगाचा जाड लेप दिलेला असतो. वाळूच्या कणाने लेपाला टवका पाडला, तिथे ओल टिकली आणि गंजाचा खड्डा त्या दाबलेल्या थराच्या खाली पोहोचला, की रस्त्यावरच्या दर खड्ड्यागणिक तडा पुढे सरकतो. तार बाहेरून ठणठणीत दिसत असते आणि मेकॅनिकही खरोखरच सांगतो, की ‘भाऊ, स्प्रिंग तर नवीच आहे.’

तोंड दुसरेच काही सांगत असेल, तर कारणही दुसरीकडे शोधावे. कुठेही काळी कोर नसून सगळे तोंड ताजे राखाडी असेल, तर एखाद्या खोल खड्ड्यात बसलेला जबर धक्का, पोलादातला मूळ दोष किंवा चुकीच्या उष्णतेने कडक-ठिसूळ झालेली तार हे पर्याय उरतात. तूट तळाशी नसून मधल्या वेटोळ्यात असेल आणि तिथे तारेवर चावल्यासारखी खूण असेल, तर मागच्या दुरुस्तीत कंप्रेसरच्या (स्प्रिंग दाबून धरायच्या अवजाराच्या) आकड्याने, म्हणजे हुकाने, किंवा पाइप पान्याने लेप सोलला गेला असण्याची शक्यता मोठी. मधल्या वेटोळ्यांवर समोरासमोर चपटे घासलेले डाग असतील, तर वेटोळी एकमेकांवर आपटत आहेत, म्हणजे बंप स्टॉप (स्प्रिंगला पूर्ण दबू न देणारा फोमचा अडसर) आपले काम करत नाही.

खरा अपराधी: बैठक

विश्वामित्री नदीच्या काठच्या बडोद्यात हा भाग सविस्तर लिहिणे भाग आहे. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला तेव्हा आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात इथल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी गालिचे वाळवले, इंजिनचे तेल बदलले, विमा कंपनीशी पत्रव्यवहार केला; स्प्रिंगच्या बैठकीकडे पाहण्याचे कोणालाही सुचले नाही. मात्र नदीचा गाळ बारीक असतो आणि बैठक वाटीसारखी असते.

अशी बैठक उघडल्यावर जे दिसते ते एकदा पाहण्यासारखे आहे. वर कोरड्या धुळीचा थर, त्याखाली पोपडे धरलेला राखाडी गाळ, त्याच्या तळाशी अजून ओलसर असलेला काळा चिखल, आणि त्यात रुतलेला स्प्रिंगचा जुना तुकडा. हा तुकडा मागच्या खेपेचा असतो. त्या वेळी नवी स्प्रिंग त्याच्याच उरावर बसवून दिलेली असते. वाटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले भोक गाळाने गच्च बुजलेले असते. स्प्रिंग आणि वाटी यांच्यामधली रबरी गादी एक तर नाहीशी झालेली असते किंवा तिचे तुकडे होऊन ती एका बाजूला सरकलेली असते. मग लोखंड लोखंडावर घासते, लेप जातो, आणि वर्षभर ओल्या राहणाऱ्या लगद्यात उघडी तार बसून राहते. अशा बैठकीत कितीही नामांकित कंपनीची स्प्रिंग घातली, तरी तिचे आयुष्य तेवढेच असणार.

म्हणून स्प्रिंग बाहेर असताना वाटी पूर्ण खरवडून, पाण्याने धुऊन, वाळवून घ्यावी, भोक तारेने मोकळे करावे, गंज घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा आणि रबरी गादी न विसरता नवी घालावी. गादी हा किरकोळ किमतीचा भाग असून नेमका तोच वगळला जातो, कारण स्प्रिंगच्या खोक्यात ती येत नाही आणि वेगळी मागवायला दुसरा दिवस उजाडतो. स्प्रिंग बसवताना तिचे तळाचे टोक वाटीतल्या पायरीला भिडले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. टोक पायरीवर चढून बसले, तर सगळा भार एका बिंदूवर येतो आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. यापुढे दर पावसाळ्यानंतर गाडी धुताना पाण्याची साधी नळी आतून बैठकीवर दोन मिनिटे धरावी. जोरदार प्रेशरचा फवारा जवळून मारू नये, तो उरलासुरला लेपही उचकटतो.

वाढलेला भार आणि घरगुती उपाय

मागची स्प्रिंग वारंवार तुटत असेल, तर बैठकीइतकाच संशय डिकीवर घ्यावा. 60 लिटर पाणी मावेल एवढ्या आकाराची पोलादी सीएनजी टाकी रिकामी असतानाच 50-60 किलोंच्या घरात जाते. वर गॅस आणि तिला धरून ठेवणारी लोखंडी चौकट. म्हणजे एक प्रवासी मागच्या आसाच्याही मागे कायमचा बसवलेला आहे, आणि तो कधी उतरत नाही. पेट्रोलच्या हिशेबाने केलेली स्प्रिंग त्या वजनाने आधीच दबलेली असते. त्यात गणपतीला पुण्या-मुंबईकडे निघालेले पाच जण आणि त्यांचे सामान आले, की तिला खाली जायला जागाच उरत नाही.

यावर बाजारात मिळणारा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे वेटोळ्यांच्या मध्ये ठोकून बसवायचे रबरी बफर. गाडी लगेच वर उचलली जाते आणि गिऱ्हाईक खूश होते. माझे मत या वस्तूविषयी चांगले नाही. ज्या वेटोळ्यांत बफर बसतो ती जवळजवळ निकामी होतात, आणि तोच खड्डा पचवण्यासाठी उरलेल्या वेटोळ्यांना अधिक पिळून घ्यावे लागते. सहा कामाच्या वेटोळ्यांपैकी एक बाद झाले, तर स्प्रिंग सुमारे 20 टक्क्यांनी कडक होते. शिवाय रबर आणि तार यांच्या फटीत धूळ-पाणी साठते, म्हणजे बैठकीतला रोग वरच्या मजल्यावर आणून ठेवल्यासारखे होते. स्प्रिंग कापून गाडी खाली करणे किंवा तापवून तिचा आकार बदलणे हे याहून वाईट. याच गाडीची कारखान्यात सीएनजी बसवलेली आवृत्ती निघत असेल, तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा भाग क्रमांक विचारावा आणि ती आपल्या गाडीला चालते का, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. तशी आवृत्तीच नसेल, तर लांबच्या प्रवासात सामान कमी नेणे हाच उपाय उरतो.

क्रमांकावर भर देण्याचे कारण आहे. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्त्यांच्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतात, पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 11.5 ऐवजी 12 मिलिमीटरची तार आली, की बाकी सगळे तेच राहूनही स्प्रिंग सुमारे 19 टक्क्यांनी कडक होते. हा फरक दुकानाच्या काउंटरवर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जुन्या स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके पुसले जाण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवावा.

जंपर आणि बंप स्टॉप यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. जंपरमधून तेल गळत असेल, किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर एका खड्ड्याचा हिशेब स्प्रिंगला अनेकदा चुकवावा लागतो. बंप स्टॉपचा फोम जुना झाल्यावर बोटांनी चुरडला जातो. तसा झाला असेल, तर तो बदललाच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो 25 किलोमीटरच्या वेगाने ओलांडता येतो. आपल्या सोसायट्यांच्या दाराशी उरलेल्या काँक्रीटमधून घातलेले हातभर रुंदीचे उंचवटे या मोजमापात बसत नाहीत, आणि त्यांच्यावर बंप स्टॉप नसलेली गाडी रोज चार वेळा आपटते.

बदलताना

स्प्रिंगा आसाच्या दोन्ही बाजूंना एकदमच, जोडीने बदलाव्यात. ‘दुसरी बाजू चांगली आहे, कशाला खर्च करता?’ असे गॅरेजवाला म्हणेल, आणि तो प्रामाणिकपणेच म्हणत असतो. परंतु दुसऱ्या बाजूने तेवढीच वर्षे, तोच गाळ आणि तेच वजन सोसलेले असते, आणि नवी-जुनी अशी जोडी केली तर गाडी एकीकडे झुकते ते वेगळेच. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंग करून देणारे अजूनही भेटतात. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला कडक करून मग मऊ केलेले असते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पुढची तूट तिथेच होते. भंगारातल्या गाडीची स्प्रिंग घेण्यातही अर्थ नाही, कारण तिच्या कातडीखाली काय चालू आहे ते बाहेरून कळत नाही.

हे काम घरी करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. स्ट्रटवर बसवलेल्या स्प्रिंगमध्ये चाक मोकळे लोंबत असतानाही शंभराहून अधिक किलोंचा जोर कोंडलेला असू शकतो. वरचा मधला नट कंप्रेसर न लावता सोडला, तर माउंटिंग तोफेच्या गोळ्यासारखे उडते. गॅरेजातही दोन आकडे समोरासमोर, सारख्या वेटोळ्यांवर लावलेले आहेत का, गाडी नुसत्या जॅकवर नसून घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवलेली आहे का, हे पाहणे मालकाच्या अधिकारात येते. आकड्यांच्या आत रबरी नळीचा तुकडा घालायला सांगावे, म्हणजे नव्या लेपाला पहिल्याच दिवशी ओरखडा पडणार नाही. मागच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावर, तिच्या वजनासह शेवटचे घट्ट करावेत. लोंबत्या अवस्थेत घट्ट केल्यास बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. स्ट्रटचे खालचे बोल्ट उघडलेले असल्याने व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि हेडलाइटची उंचीही तपासावी.

नवी जोडी सुरुवातीला थोडी उंच बसते आणि काही आठवड्यांत आपली जागा घेते. तेव्हा पुन्हा त्याच फरशीवर चारही अंतरे मोजून सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावीत; पुढे संशय आला, तर तुलनेला तोच आकडा लागतो.

बैठक खरवडताना वाटीचा पत्राच पापुद्र्यांनी सुटू लागला, तर काम तिथेच थांबवावे. वाटी स्ट्रटचा भाग असेल, तर संपूर्ण स्ट्रट बदलता येतो. ती मागच्या आसाच्या तुळईवर किंवा गाडीच्या सांगाड्यावर असेल आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने तिथे भोक पडत असेल, तर नवी स्प्रिंग घालणे निरर्थक आहे. अशा वेळी सांगाड्याचे पत्राकाम करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून आधी लेखी अंदाज घ्यावा. खासगी गाडीच्या नोंदणीची 15 वर्षे संपत आली असतील, तर हा अंदाज हाती आल्याशिवाय नूतनीकरणाची तयारी सुरू करू नये.